नदीखोऱ्यातील नवे घर आणि ओल शोषणारे यंत्र

नदीच्या खोऱ्यातील शहरात राहायला आल्यावर पहिल्या पंधरवड्यातच कपाटातील चामडी पट्ट्यावर पांढरट बुरशी दिसली आणि पलंगामागची भिंत हाताला सर्द लागली. रात्री उतारांवरची थंड, जड हवा खाली येऊन खोऱ्याच्या तळाशी साचते आणि नदीच्या बाष्पामुळे दाटलेले धुके ऊन चढेपर्यंत हलत नाही, हे जुन्या रहिवाशांच्या अंगवळणी पडलेले असते. नवखा माणूस मात्र आधी कुठला नळ गळतो ते शोधतो. मीही प्लंबर बोलावला. नळ ठीक होते. मग कॉम्प्रेसरवर चालणारा, दिवसाला १२ लिटर क्षमतेचा डीह्युमिडिफायर घेतला. त्याला आता चार महिने झाले आहेत.

खोक्यावरचा १२ लिटरचा आकडा वाचून खरेदी करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की असे आकडे बहुधा ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता धरून दिलेले असतात. माझ्या १८ अंशांच्या खोलीत दिवसभरात जेमतेम चार लिटर पाणी जमते. थंडी वाढली की आतील गार नळ्यांवर हिम धरते आणि ते वितळेपर्यंत यंत्र पाणी काढणे थांबवते. त्यामुळे खोली फारच गार राहत असेल तर शोषक चक्राचा, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थाचे फिरते चाक असलेला प्रकार अधिक योग्य ठरतो, जरी त्याला वीज जास्त लागते.

तरीही उपयोग निर्विवाद आहे. आर्द्रता ७८ टक्क्यांवरून तीन दिवसांत ५५ वर आली, कपाटातला कुबट वास गेला आणि दोन दिवस दमट राहणारे कपडे एका रात्रीत वाळू लागले. आर्द्रता मात्र वेगळ्या मापकावर पाहावी, कारण यंत्राच्या पडद्यावरचा आकडा माझ्याकडे सहा टक्के कमीच दिसतो. टाकी भरल्यावर यंत्र आपोआप बंद होते, हे चांगले. पण टाकीची मूठ अशा जागी आहे की ती बाहेर काढताना थोडे पाणी दर वेळी जमिनीवर सांडते. ओल काढायच्या यंत्राने हे करावे, याचे मला अजूनही हसू येते.

तळमजल्यावरील भिंतीला लोणा लागला होता, तिथे यंत्राचा इलाज चालला नाही. नदीकाठी भूजल उथळ असते आणि ते केशाकर्षणाने भिंतीत वर चढते. हवा कितीही कोरडी केली तरी खालून पाणी येतच राहते, शिवाय ते वाळताना क्षार मागे सोडून गिलाव्याचे पोपडे काढते. तिथे जलरोधक थराचेच काम करावे लागते. घर घेण्यापूर्वी गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंतच्या भिंती नीट पाहिल्या असत्या, तर मला हे आधीच कळले असते.

धुक्यात खिडक्या बंदच ठेवाव्यात, हा माझा समजही चुकीचा निघाला. १० अंशांच्या संपृक्त, म्हणजे बाष्पाने पूर्ण भरलेल्या हवेत घनमीटरमागे सुमारे ९.४ ग्रॅम बाष्प असते. तीच हवा घरात २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ५४ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून थंडीतील धुक्याच्या सकाळी मी यंत्र बंद करून समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा मिनिटे सताड उघडतो आणि उबदार, पावसाळी दिवशी त्या लावून यंत्र चालू करतो.