बाजाराची पिशवी: मांजरपाट, नायलॉन, नॉन-वोव्हन की ताग?

मुंबईत बाजाराची पिशवी घेताना मी आधी एवढंच पाहते: ती धुता येते का, आणि जुलैत वाळते का. अमेरिकेत ग्राहकांच्या पिशव्या तपासून २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या पिशव्यांत कोलिफॉर्म जंतू, म्हणजे अस्वच्छतेची खूण मानले जाणारे जंतू, सापडले. मांसाचं पाणी लागलेली पिशवी गाडीच्या डिकीत दोन तास राहिली की जंतू दहापट व्हायचे, आणि नुसत्या हाताने धुतली तरी ९९.९ टक्क्यांहून जास्त कमी व्हायचे. दादरला मासळी घेऊन विरार लोकलने घरी जायलाही तासभर तरी सहज जातो.

मांजरपाट, म्हणजे न रंगवलेलं साधं सुती कापड, हा माझा पहिला कौल. गरम पाण्यात साबण लावून घासा, पिळा, काही बिघडत नाही. पालेभाजी त्यात घामेजत नाही. खोट दोन: पावसात भिजली की जड होते, आणि वाळायला दिवस घेते, म्हणून दोन हव्यात. पण दर प्रदर्शनात नवी सुती पिशवी घेऊ नका. कापूस पिकवायला आणि विणायला पाणी-वीज भरपूर लागते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये काढलेल्या हिशोबात, तापमानवाढीपुरतं बोलायचं तर सुती पिशवी १३१ वेळा वापरावी तेव्हा ती एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. जुन्या चादरीची शिवून घेतलीत तर फारच उत्तम.

नायलॉनची घडीची पिशवी पर्समध्ये मावते, पंख्याखाली पटकन वाळते. मासळी-मटणासाठी हीच, पण आत स्टीलचा डबा हवाच. नायलॉनमध्ये बोंबलाचं पाणी मुरत नाही, तळाच्या शिवणीत साचून राहतं. म्हणून उलटी करून ती शिवण जुन्या टूथब्रशने घासावी. ही पिशवी मासळीचीच ठेवा. कच्च्या खायच्या काकडी-टोमॅटोला तिच्यात जागा नको.

नॉन-वोव्हन, म्हणजे बारीक ठिपक्यांची ती कापडासारखी पिशवी, प्लास्टिकचीच असते: पॉलिप्रॉपिलीन. ६० जीएसएमपेक्षा (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) पातळ असेल तर देशभर बंदी आहे. गॅलरीच्या ग्रिलला उन्हात लटकत राहिलेली हातात घेऊन चोळा, रंगीत भुकटी पडते. तशी झाली की तिच्यात खाण्याचं काही ठेवू नका. घरात आहेत त्या बंद पाकिटं, साबण, तेलाच्या पिशव्या आणायला वापरा. नव्या विकत घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

ताग दिसतो देखणा, कांदे-बटाटे झकास पेलतो. मात्र नव्या पिशवीला रॉकेलसारखा वास येत असेल तर तो धागा मऊ करताना वापरलेल्या खनिज तेलाचा असतो. सुटं धान्य तिच्यात थेट ओतू नये. पावसाळ्यात तागाला बुरशी लागते. आतून प्लास्टिकचा थर असेल तर नीट धुताही येत नाही.

दोघांच्या घराला मांजरपाटाच्या दोन आणि मासळीसाठी वेगळ्या रंगाची एक नायलॉनची, एवढ्या पुरतात. घेताना पिशवीचा धरायचा बंद नुसता काठाला टाचलेला नको; तो खाली तळापर्यंत गेलेला किंवा चौकोन-फुलीच्या टाक्याने पक्का केलेला पाहून घ्या, कारण पाच किलो तांदूळ घेऊन दादरचा पूल चढताना पहिल्यांदा तोच उसवतो.