वर्षाचं धान्य कुठे ठेवणार: कडप्पा, प्लायवूड की पीव्हीसी बोर्ड?

सुताराला बोलावण्याआधी एक वजन काढा. घरात वर्षाला ३ क्विंटल गहू-ज्वारी, ५० किलो डाळी, तेलाचे दोन-तीन डबे, लोणच्याच्या बरण्या, उन्हाळ्यात केलेल्या कुरडया-पापडांचे डबे आणि काळ्या मसाल्याची बरणी ठेवायची असेल, तर हा भार साडेचारशे किलोच्या आसपास जातो. शहरांतल्या मॉड्युलर किचनच्या चित्रात दिसतात ती कपाटं महिन्याच्या किराण्यासाठी बेतलेली असतात. मराठवाड्यात अजूनही बऱ्याच घरांत धान्य वर्षाचं भरलं जातं, म्हणून इथला निर्णय रंगावरून नाही तर वजन, वाळवी आणि ओल या तिन्हींवरून करायचा आहे. पूर्वी धान्य साठवायला बळद आणि कणगी होत्या तेव्हाही हाच हिशोब होता.

जागेचं मापही आधी हातात हवं. १ क्विंटल गव्हाला साधारण १३० लिटर जागा लागते, म्हणजे ५४ सेंमी लांब, ३७ सेंमी रुंद आणि ६५ सेंमी उंच पत्र्याची कोठी. १५ किलो तेलाचा चौकोनी डबा तळाला साधारण ९ इंच आणि उंचीला १४ इंच असतो, त्यामुळे त्याचा कप्पा १६ इंचांचा हवा. म्हणून खालचा कप्पा २८ इंच, त्यावरचा १६ इंच आणि वरचे ११ ते १३ इंच उंच ठेवावेत. सगळे कप्पे सारख्या उंचीचे केले की धान्याची कोठी स्वयंपाकघराच्या मधोमध येऊन बसते.

पुढची तुलना एकाच मापाच्या कोठीवर, म्हणजे या सगळ्याच्या कपाटावर, केली आहे: ६ फूट रुंद, ७ फूट उंच, पावणेसोळा इंच खोल, आत तीन उभे खण.

कडप्पा आणि शहाबादी

वजन पेलायला आणि वाळवीला पुरून उरायला याच्या जवळपास दुसरं काही येत नाही. शहाबादी फरशी कलबुर्गीकडून येते, त्यामुळे लातूर-धाराशिवला ती सहज मिळते. कप्प्यांसाठी मात्र पॉलिश केलेला काळा कडप्पा पुसायला सोपा पडतो. धान्याला तो थंड राहतो, ओल्या फडक्याने पुसता येतो आणि मागे पोकळी नसल्याने झुरळांना घर मिळत नाही.

उणिवाही नीट समजून घ्या. पहिली वजनाची. २० मिमी जाडीचा कडप्पा चौरस फुटाला सुमारे ५ किलो, २५ मिमीचा सव्वासहा किलो. आपल्या कोठीत उभ्या-आडव्या मिळून ८४ चौरस फूट दगड बसतो, म्हणजे नुसता दगडच ४२० ते ५३० किलो. त्यात धान्य धरलं तर जवळपास एक टन. तळमजल्यावर चिंता नाही, पण वरच्या मजल्यावर स्लॅबखाली तुळई कुठून गेली आहे हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय काम सुरू करू नका.

दुसरी, दगड वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतो. दोन उभ्या फरशांमधलं अंतर २ फुटांच्या आत ठेवा. फरशी घेताना तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करा. स्वच्छ खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आला तर आत तडा असतो. पांढरी शीर आडवी गेलेली फरशी कप्प्याला वापरू नये, ती त्याच रेषेत तुटते.

तिसरी उणीव फारसं कुणी सांगत नाही. कडप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि आंबट लागलं की ते झिजतात. लिंबाच्या लोणच्याचा खार किंवा चिंचेचं पाणी सांडून राहिलं की पॉलिश उडून पांढुरका डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. लोणच्याच्या कप्प्यापुरता ग्रॅनाइटचा तुकडा बसवा किंवा बरणीखाली स्टीलची ताटली ठेवा.

बांधकामात फरशी भिंतीत एक-सव्वा इंच खाचेत बसवतात आणि सिमेंट-वाळूने भरतात. नऊ इंची विटेच्या भिंतीत हे निर्धास्त करा. चार इंची भिंतीत पलीकडूनही खाच मारलेली असेल तर भिंत कमकुवत होते. तिथे उभ्या फरशांवरच सगळा भार घ्या. जुन्या दगड-मातीच्या भिंतीत खाच मारूच नका, माती सैल होऊन ढासळते. सांध्यांवर ७ दिवस पाणी मारायचं आणि १० दिवसांपर्यंत काही ठेवायचं नाही. इथे घाई केली की पहिल्याच पोत्याला सांधा निसटतो.

दगडाच्या कोठीचे कप्पे नंतर वरखाली होत नाहीत. म्हणूनच आधीचं डब्यांचं माप महत्त्वाचं.

प्लायवूड

नोकरीच्या गावी महिन्याचा किराणा ठेवणाऱ्यांना, वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना आणि ज्यांना खण, ड्रॉवर, बदलते कप्पे हवे आहेत त्यांना प्लायवूडच घ्यावं लागेल. आपली कोठी प्लायमध्ये, सनमायकासकट, साधारण पावणेदोनशे किलोत होते.

खोली पावणेसोळा इंच का? प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची असते आणि ४८ इंचांतून करवतीची चीर वजा जाता पावणेसोळा इंचांच्या तीन पट्ट्या निघतात. १८ इंच खोली धरली की दोनच निघतात आणि उरलेली फूटभर पट्टी तुमच्या पैशाने कोपऱ्यात पडून राहते. आपल्या मापात ४ उभे भाग, वरचा-खालचा भाग आणि खणात ४ असे १२ कप्पे मिळून १८ मिमीच्या बरोबर ३ शीट लागतात. दारांना दीड म्हणजे विकत घेताना २. पाठीला ६ मिमीच्या २. दारांच्या बाहेरच्या बाजूला १ मिमीच्या सनमायकाचे २ पत्रे आणि आतून ०.८ मिमीचे ८. सुताराचा हिशोब याच्या फार वर गेला तर कापणीचा आराखडा कागदावर मागा.

आतून सनमायका वाचवायची सूचना हमखास येते. कप्प्यांना चालेल, दारांना नाही. एकाच बाजूला सनमायका असलेलं दार एका बाजूने ओल घेतं, दुसऱ्या बाजूने घेत नाही, आणि श्रावण संपेपर्यंत धनुष्यासारखं वाकतं.

प्लाय घेताना तोंडी 'वॉटरप्रूफ' ऐकून घेऊ नका. आयएसआय शिक्क्याखाली आयएस ३०३ आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारं), किंवा आयएस ७१० लिहिलेलं पाहा. पहिल्याला ८ तास, दुसऱ्याला ७२ तास उकळण्याच्या चाचणीत थर सुटता कामा नयेत. दुकानातून सहा इंचांचा तुकडा आणून ८ तास उकळा. थर उलगडले तर शीट परत. सिंकजवळच्या खणाला आणि सर्वांत खालच्या भागाला ७१० वापरा, बाकीला ३०३ पुरेसं. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेले बोर्ड, या कामाला घेऊच नका. कडा फुगली की स्क्रू पकड सोडतो आणि ते दुरुस्त होत नाही.

कप्प्याची लांबी हा प्लायमधला कळीचा मुद्दा आहे. २ फुटांचा कप्पा ३ फुटांचा केला तर तेवढंच वजन ठेवूनही वाक सुमारे ३.४ पट होतो. म्हणूनच ६ फुटांत तीन खण, प्रत्येक २३ इंचांचा. धान्याच्या आणि तेलाच्या कप्प्यांखाली दोन्ही बाजूंनी लाकडी पट्टी स्क्रूने मारून घ्या. भोकात पिन घालून ठेवलेले बदलते कप्पे वर, हलक्या डब्यांसाठीच.

सात फुटांचं एकसंध दार करू नका, ते पिळतं. आपल्या कोठीला वर तीन, खाली तीन अशी सहा दारं येतात. प्रत्येकाची उंची ३ फुटांच्या वर आहे, त्यामुळे दाराला तीन ऑटो बिजागऱ्या, एकूण १८. त्यांपैकी कडेच्या चार दारांना झिरो क्रँकच्या (दार उभ्या फळीची पूर्ण कड झाकतं) १२ आणि मधल्या दोन दारांना ९ क्रँकच्या (दार फळीची अर्धीच कड झाकतं) ६. सगळ्या झिरो क्रँक आणल्या तर मधलं दार शेजारच्या दारावर चढतं आणि सुतार दार तासायला लागतो.

वाळवीबद्दल सविस्तर

आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्याबरोबर जोतं हलतं, फरशी आणि भिंतीच्या सांध्याला केसासारखी चीर पडते आणि वाळवी तिथूनच वर येते. प्लायचं कपाट थेट फरशीवर उभं केलं तर तिला पाठीमागच्या अंधारात हवं तेवढं खाता येतं. तुम्हाला कळतं तेव्हा पाठ कागदासारखी झालेली असते.

उपाय कपाटाच्या आधी करायचा असतो. भिंत-फरशीच्या सांध्याला भोकं पाडून वाळवीचं औषध जाणकाराकडून सोडून घ्या आणि भोकं सिमेंटने बुजवा. कपाट ४ इंच उंच विटेच्या ओट्यावर, वर ग्रॅनाइटची पट्टी टाकून बसवा. फरशी धुतानाचं पाणीही मग प्लायला लागत नाही. पाठीचं ६ मिमीचं प्लाय भिंतीला चिकटवू नका, अर्धा इंच पोकळी सोडा आणि ती वरून खालून जाळीने बंद करा. कपाटाच्या आत, जिथे धान्य राहणार आहे, तिथे औषध मारायचं नाही.

वाळवी दगड खात नाही हे खरं, पण दगडावरून मातीची नळी करत चढून ती गोणपाट खाते. कडप्प्याच्या कोठीतही पोतं भिंतीला टेकवू नका.

ओल तपासायला एक फूट चौरस प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून दोन दिवस ठेवा. मागे थेंब जमले तर ती भिंत ओली आहे. बहुतेक वेळा पलीकडे न्हाणीघर असतं. आधी त्या भिंतीचं काम करा किंवा कोठीची जागा बदला.

पीव्हीसी आणि डब्ल्यूपीसी बोर्ड

पाणी लागत नाही, वाळवी खात नाही, म्हणून हे प्लास्टिकचे (डब्ल्यूपीसीत लाकडाचा भुसा मिसळलेला) बोर्ड सध्या हातोहात खपतात. दोन्ही दावे खरे आहेत. पण ताठपणा प्लायच्या मानाने बराच कमी आणि उष्णतेत तो आणखी घटतो. पश्चिमेच्या भिंतीला लागून, मे महिन्यात, डाळींच्या डब्यांनी भरलेला कप्पा हळूहळू पोट सोडतो आणि वजन काढल्यावरही पुरता सरळ होत नाही. शेगडीला लागून तर नकोच.

दारांना, सिंकखालच्या खणाला आणि पिण्याच्या पाण्याच्या भांड्यांशेजारच्या भागाला मात्र ते उत्तम. नळाला दिवसाआड किंवा आठवड्याने पाणी येतं तिथे स्वयंपाकघरात पाणी साठवलेलं असतंच, आणि त्याच्या शेजारचं प्लाय आधी खराब होतं.

घेताना वजन करा. १८ मिमीची ८ बाय ४ ची शीट ३२ किलोच्या आसपास किंवा वर हवी. २५-२६ किलोची शीट आतून फुसकी असते, बिजागरीचा स्क्रू वर्षभरात निघतो. कप्पा करायचाच असेल तर दीड फुटापेक्षा लांब नको आणि पुढच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमचा अँगल मारा.

अ‍ॅल्युमिनियम

एसीपी (दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेला पत्रा) लावलेलं अ‍ॅल्युमिनियम कप्प्यांसाठी नाही, दारांसाठी आहे. कडप्प्याच्या कोठीला तीच दारं शोभतात, कारण दगडात लाकडाची चौकट पकडवणं कटकटीचं आणि ती चौकट पुन्हा वाळवीला आमंत्रण. कांदे, बटाटे, लसूण यांच्या खणाला पत्र्याऐवजी जाळी लावा.

मग काय करावं

स्वतःचं घर, तळमजला आणि वर्षाचं धान्य असेल तर खालचे ४४ इंच कडप्पा, त्याला अ‍ॅल्युमिनियमची दारं आणि त्याच्यावर प्लायचे हलके कप्पे. क्विंटलाचा भार दगडावर राहतो, बदलते कप्पे हाताच्या उंचीवर मिळतात आणि प्लाय जमिनीपासून लांब राहतं. खर्चही पूर्ण प्लायपेक्षा कमी येतो, कारण बिजागऱ्या आणि सनमायका निम्म्यावर येतात. फ्लॅट असेल, धान्य महिन्याचं असेल तर पूर्ण प्लाय, फक्त सिंककडचा खण पीव्हीसीचा. भाड्याचं घर असेल तर भिंतीत काहीच बांधू नका. लोखंडी अँगलचा रॅक आणि पत्र्याच्या कोठ्या घ्या, त्या पुढच्या घरी बरोबर येतात.

उंच कपाट कोणतंही असो, वरच्या बाजूला भिंतीत दोन अँकर बोल्ट मारून घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकरांना याचं कारण सांगावं लागू नये. काचेच्या बरण्यांच्या कप्प्याला पुढे एक इंच उंच पट्टी हवी.

सुताराशी दर ठरवताना चौरस फूट कोणता, हे लिहून घ्या. समोरून मोजला तर आपली कोठी ४२ चौरस फूट भरते. आतले कप्पेही धरून मोजला तर आकडा दुपटीच्या वर जातो. बिजागऱ्या आणि हँडल दरात आहेत की वेगळे, सनमायका आतून कोणती, हेही त्याच कागदावर. भिंत सरळ नसतेच, म्हणून दोन्ही बाजूंना १०-१२ मिमी जागा सोडून नंतर पट्टीने झाकायला सांगा. सहा फुटांच्या जागेत सहा फुटांचं कपाट शिरत नाही.

काम झाल्यावर प्लायची दारं पंधरा दिवस उघडी ठेवा, गोंदाचा वास पूर्ण जाऊ द्या. ज्वारी-गहू कडक उन्हात वाळवा, पण तापलेलं धान्य लगेच कोठीत ओतू नका. बंद झाकणाखाली वाफ धरते आणि सोंडे तिथूनच सुरू होतात. रात्रभर सावलीत पसरून पुरतं गार झालं की सकाळी भरा.