मायक्रोइकॉनॉमेट्रिक्सचा पेड कोर्स: द्राक्ष हंगामभर वापरल्यानंतरचा अनुभव

मायक्रोइकॉनॉमेट्रिक्स म्हणजे माणसं, दुकानं, गावं यांच्या आकड्यांवरून कशाचा परिणाम किती झाला ते मोजायचं शास्त्र. त्याच्या कोर्ससोबत मिळालेलं सॉफ्टवेअरचं लायसन्स ऐन हंगामात बंद पडलं, म्हणून हे लिहायला बसले आहे. जाहिरातीत 'सॉफ्टवेअरसह' असं ठळक अक्षरात होतं. सहा महिन्यांची मुदत मात्र अटींच्या पानावर अगदी तळाशी. ती संपली की आपणच लिहिलेल्या फाइलसुद्धा चालत नाहीत. सपोर्टला मेल केले, फोन केले, उत्तर एकच: नूतनीकरणाचे पैसे भरा. २४ हजार फी आणि वर १८ टक्के जीएसटी घेतल्यावर ग्राहकाला असं सांगणं चुकीचं आहे. मी एक रुपयाही भरला नाही. सगळं काम 'आर' या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हलवलं. ते फुकट आहे, आणि त्यातलं फिक्सेस्ट पॅकेज कोर्समधल्यासारख्याच रिग्रेशनसाठी (एका गोष्टीचा दुसरीवर किती परिणाम होतो ते काढायच्या गणितासाठी) बनवलेलं आहे. कोर्सवाल्यांनी 'आर'च्या फाइल पहिल्या दिवसापासून द्यायला हव्या होत्या.

सिलॅबस बहुतेकांनी पाहिला असेल, त्यामुळे सरळ कामाचं सांगते.

नाशिकच्या अंबडला आमच्या कंपनीचा विद्राव्य खतं आणि बुरशीनाशकांचा घाऊक व्यवसाय आहे. ऑक्टोबरात शेठनी निफाड आणि दिंडोरीतल्या कृषी सेवा केंद्रांना जादा सवलत दिली. येवला आणि नांदगावला दिली नाही. निफाड-दिंडोरीत विक्री चांगलीच चढली आणि सवलत यशस्वी झाली असं सगळ्यांनी धरलं. पण ऑक्टोबर म्हणजे गोडी छाटणी. छाटणी झाली की पेस्टिंग (डोळे फुटायला काडीवर औषध लावणं), मग डाऊनी रोगाच्या फवारण्या, मग ठिबकमधून खतं. सवलत असो नसो, द्राक्षाच्या तालुक्यात माल उठतोच. येवला-नांदगावकडे मका, कापूस, कांदा. तिथला ऑक्टोबर वेगळा असतो. कोर्समधली मुख्य पद्धत डिफरन्स-इन-डिफरन्सेस, म्हणजे सवलत मिळालेल्या गटातला आधी-नंतरचा फरक न मिळालेल्या गटातल्या फरकाशी ताडायचा. तिची अट अशी की सवलत नसती तर दोन्ही गटांची विक्री सारख्याच चालीने वर-खाली झाली असती. इथे ती अट उघडउघड मोडते. मागच्या वर्षांचा तोच हंगाम सोबत घेऊन, तालुक्यागणिक महिन्यांचा परिणाम वेगळा काढल्यावर सवलतीच्या नावावर जमा झालेली बरीचशी वाढ छाटणीची निघाली. हे कोर्समुळेच जमलं. समांतर कल (म्हणजे हीच अट) तपासायचे धडे उत्तम आहेत, शिकवणाऱ्या बाईंनी आलेख काढायला लावून लावून ते पक्कं करून घेतलं.

आता माझी मुख्य तक्रार. ती स्टँडर्ड एररबद्दल, म्हणजे काढलेला आकडा किती इकडेतिकडे असू शकतो त्या मापाबद्दल आहे आणि तिच्यासाठी मी एक पूर्ण स्टार कापते.

आमच्याकडे केंद्रं भरपूर, महिने भरपूर, त्यामुळे शीटमध्ये हजारो ओळी. कोर्सने शिकवलेल्या नेहमीच्या पद्धतीने चालवलं तर आकडा इतका नेमका दिसतो की शंकेला जागाच उरत नाही. पण सवलतीचा निर्णय झाला तालुक्यावर, आणि तालुके चारच. एका तालुक्यात गारपीट झाली की तिथल्या सगळ्या केंद्रांचा धंदा एकदम बसतो. त्या ओळी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. म्हणून स्टँडर्ड एरर तालुक्यावर क्लस्टर करावी लागते, म्हणजे एका तालुक्यातल्या सगळ्या ओळी एक गट धरून काढावी लागते, आणि तसं केलं की उरतात चार क्लस्टर. इतक्या कमी गटांवर ती भरवशाची राहत नाही. मग काय करायचं, हे कोर्समध्ये एका छोट्या, 'ऐच्छिक' म्हणून शेवटी टाकलेल्या व्हिडिओत उरकलं आहे. माझ्या मते तो पहिल्या महिन्याचा धडा आहे.

ही बाब किती गंभीर आहे, ते बर्ट्रांड, डुफ्लो आणि मुलैनाथन या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्येच दाखवलं होतं. अमेरिकेतल्या राज्यांच्या वेतनाच्या विदेवर (डेटावर) त्यांनी अस्तित्वातच नसलेले कायदे लावून पाहिले. नेहमीच्या पद्धतीने त्यातल्या ४५ टक्क्यांपर्यंत खोट्या कायद्यांचा 'परिणाम' ५ टक्के पातळीवर सिद्ध होत होता, म्हणजे जिथे योगायोगाने ५ टक्केच खोटे सिद्ध व्हायला हवेत तिथे. मीही आमच्या आकड्यांवर तेच केलं. सवलत नसलेल्या महिन्यांत खोटी सवलत लावली, आणि ती वारंवार यशस्वी ठरू लागली. मग वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप लावलं, म्हणजे अख्ख्या क्लस्टरना अधिक किंवा उणे चिन्ह देऊन तेच गणित पुन्हा पुन्हा करायची पद्धत. पण चार क्लस्टरना अधिक-उणे चिन्हं देण्याचे प्रकार सोळाच होतात, त्यातून ५ टक्क्यांची पातळी गाठणंच शक्य नाही. म्हणजे प्रामाणिक उत्तर एवढंच: आमच्या विदेतून ठाम काही सांगता येत नाही. शेठना हे सांगायला बळ लागतं, आणि ते बळ देणारा धडा कोर्समध्ये अडगळीत पडला आहे.

त्यात कोर्सचं सगळ्यात लाडकं उदाहरण अर्थतज्ज्ञ कार्ड आणि क्रूगर यांचं. एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सीने किमान वेतन तासाला ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही. दोन्हीकडची मिळून ४१० फास्ट-फूड रेस्टॉरंटं. अभ्यास मोठाच आहे, कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं. पण त्यात राज्यं दोनच आहेत, आणि त्यावर नंतर टीकाही झाली, हे त्या धड्यात कुठेही येत नाही. शिकणारा तेच उदाहरण डोक्यात ठेवून दोन तालुक्यांची तुलना करत बसतो.

सुरुवातीला मी हा कोर्स दोन स्टारचा धरला होता. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर इकॉनॉमेट्रिक्सचे धडे फुकट बघता येतात, पैसे फक्त परीक्षेचे लागतात, मग एवढी फी कशाला, असं वाटायचं. नंतर मत बदललं ते दोन गोष्टींमुळे. एक, पीएलएफएस या सरकारी रोजगार सर्वेक्षणाची मूळ विदा. ती सरकार फुकट देतं, पण मी वापरली ती नुसत्या आकड्यांच्या ओळींची टेक्स्ट फाइल होती. लेआउट (कुठल्या रकान्यात काय आहे त्याचा तक्ता) बघून ती फोडायची कशी, मल्टिप्लायर (नमुन्यातली एक नोंद किती जणांच्या वतीने धरायची तो आकडा) कुठे लावायचा, हे कोर्सने हात धरून शिकवलं. दुसरी, रिग्रेशन डिसकंटिन्युइटी. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत रस्ता मिळायला सपाट भागात ५०० लोकवस्तीची आणि डोंगरी-आदिवासी भागात २५० ची मर्यादा आहे. तिच्या जरा वरची आणि जरा खालची गावं ताडून रस्त्याचा परिणाम मोजायचा. अॅशर आणि नोवोसाद यांच्या २०२० च्या अभ्यासात रस्त्यामुळे लोक शेतीबाहेरच्या कामाला गेलेले दिसले, पण शेती किंवा उत्पन्नात मोठा फरक दिसला नाही. पेठ-सुरगाण्यासारख्या डोंगरी-आदिवासी तालुक्यांकडे ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांनी हा धडा जरूर बघावा.

कांद्याच्या निर्यातबंदीचा परिणाम मोजायचा म्हटलं तर मात्र कोर्स अडतो. ८ डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी संपूर्ण देशाला एकदम लागू झाली, त्यामुळे लासलगावची तुलना करायला बंदी नसलेली बाजार समिती देशात उरलीच नाही. शिवाय डिसेंबरात लाल कांद्याची आवक तशीही वाढते. ग्रुपवर विचारलं तर मेंटरनी स्पष्ट लिहिलं की या प्रश्नाला डिफरन्स-इन-डिफरन्सेस लागू पडत नाही, आणि का पडत नाही तेही सविस्तर समजावलं. पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं ते त्या उत्तराला.

पुढच्या छाटणीला सवलत तालुक्यावर न ठरवता, चारही तालुक्यांतल्या केंद्रांच्या चिठ्ठ्या टाकून द्यायची, असं शेठनी मान्य केलं आहे. मग निर्णय केंद्रागणिक होईल आणि क्लस्टरही केंद्रागणिक धरता येतील.

पाचपैकी साडेतीन स्टार. घेणार असाल तर लायसन्सची मुदत पैसे भरण्याआधी मेलवर लेखी मागा, आणि तो 'ऐच्छिक' व्हिडिओ सगळ्यात आधी बघा.