ऑपरेशन उत्तम, पण लघवीची नळी विसरले

बाबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, अकरा दिवस आम्ही या रुग्णालयात होतो. सर्जन चांगले, हाड नीट बसलं. तक्रार आहे ती लघवीच्या नळीची. ऑपरेशनच्या वेळी घातलेली नळी सहाव्या दिवशीही तशीच. विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "काढायची ऑर्डर नाही." नळी जितके दिवस आत, तितका संसर्गाचा धोका दिवसागणिक वाढतो, त्यात बाबांचं वय 78 आणि जुना मधुमेह. सातव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतूंच्या तपासणीत) ई. कोलाय हा जंतू निघाला. भरती झाल्यावर 48 तासांनंतर सुरू झालेला संसर्ग सहसा रुग्णालयातलाच धरतात, त्यामुळे "घरूनच आला असेल" हे तिथलं उत्तर ऐकून हसावं की रडावं कळेना.

मग मी बघत बसले. (दुसरं काम काय होतं!) लघवीची पिशवी एकदा चक्क फरशीवर टेकलेली, एकदा उचलून बाबांच्या पोटाशी ठेवलेली, म्हणजे लघवी उलटी आत जायला मोकळी. सॅनिटायझरची बाटली प्रत्येक पलंगाला, त्यातल्या दोन रिकाम्या. रात्रपाळीची एक तरुण सिस्टर मात्र शेजारच्या पेशंटकडून आली की हातमोजे काढून, हात चोळूनच बाबांना हात लावायची. मी दिलेल्या दोन ताऱ्यांतला एक तिचा.

तिथे कोणी भरती असेल तर राउंडला रोज विचारा, नळी अजून लागतेय का. आम्ही उशिरा विचारलं. चार दिवसांच्या अँटिबायोटिकचं बिल अर्थात आमच्याच माथी.