पिएर ओजे वेधशाळेचे ओपन डेटा संकेतस्थळ : वैश्विक किरणांची खुली वही

अर्जेंटिनातील मालार्ग्वे गावाजवळच्या माळरानावर सुमारे ३,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाण्याच्या १,६०० हून अधिक टाक्या दीड-दीड किलोमीटर अंतरावर मांडलेल्या आहेत. विश्वातल्या एखाद्या नैसर्गिक कणत्वरकातून, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या स्रोतातून, सुटलेला कण (यालाच वैश्विक किरण म्हणतात) वातावरणावर आदळला की दुय्यम कणांचा वर्षाव जमिनीपर्यंत पोहोचतो, आणि त्याची नोंद या टाक्या घेतात. पिएर ओजे वेधशाळेने २०२१ मध्ये आपल्या १० टक्के नोंदी या संकेतस्थळावर सर्वांसाठी विनामूल्य खुल्या केल्या आणि पुढे सर्वाधिक ऊर्जेच्या १०० घटनांची (म्हणजे नोंदलेल्या वर्षावांची) यादीही जोडली.

मला सर्वांत भावली ती एकेका घटनेची पाने. १० नोव्हेंबर २०१९ ची घटना अवश्य उघडावी. त्या एका कणाची ऊर्जा १६६ एक्साइलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे एक मोठे एकक), म्हणजे एक किलो साखरेची पिशवी पावणेतीन मीटर उंचीवरून सोडली असता जमिनीवर आदळेल तेवढी होती, आणि एलएचसी या जगातल्या सर्वांत शक्तिशाली मानवनिर्मित कणत्वरकातील प्रोटॉनच्या ऊर्जेपेक्षा ती दोन कोटी पटींहून अधिक आहे. प्रत्येक टाकीत १२,००० लिटर शुद्ध पाणी असते; त्यातून कण जाताना उमटणारा अंधूक प्रकाश तीन प्रकाशगुणक नळ्या (अत्यंत मंद प्रकाशाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारी उपकरणे) टिपतात आणि २५ नॅनोसेकंदांच्या टप्प्यांनी त्याचा आलेख तयार होतो. कोणत्या टाकीला कण आधी लागले आणि कोणत्या टाकीला नंतर, यावरून दिशा काढतात. वर्षावाच्या मध्यापासून दूर जाताना संकेत कसा मंदावतो, यावरून ऊर्जा ठरते. हा तर्क येथे डोळ्यांनी पाहता येतो, आणि माझ्या मते हेच या सेवेचे खरे मोल आहे.

विश्लेषणाच्या तयार वह्या, म्हणजे चालवून पाहता येणारे संगणकीय आज्ञासंच, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आहेत, त्यामुळे ती भाषा न येणाऱ्याला त्या भागाचा फारसा उपयोग नाही. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना मात्र प्रकल्पासाठी याहून चांगले साहित्य सहसा मिळणार नाही. केवळ या खुल्या नोंदींच्या बळावर आकाशात उगमस्थाने शोधू पाहणाऱ्याने मोठी अपेक्षा ठेवू नये. चुंबकीय क्षेत्रांमुळे विद्युतभारित कणांची वाट वळते, म्हणून खुद्द वेधशाळेलाही ३०,००० हून अधिक वर्षाव तपासावे लागले, तेव्हा कुठे २०१७ मध्ये ८ एक्साइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे कण आपल्या आकाशगंगेबाहेरून येतात असे दाखवता आले. नेमका कोणता त्वरक, हे अद्याप ठरलेले नाही.

संकेतस्थळ मोबाइलऐवजी संगणकाच्या मोठ्या पडद्यावर पाहावे आणि आधी दोन-तीन घटना निवांत न्याहाळून मगच वह्यांकडे वळावे.