‘सर्व्हिस केलेली’ वाइड लेन्स घेताना: नागपुरातली एक फसवणूक

सौदा बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) झाला, तोही दिवेलागणीला. लेन्स वापरलेली: निकॉर २४ एमएम एफ/२.८, एआय-एस (निकॉनची हाताने फोकस करायची जुनी मालिका), ‘नुकतीच सर्व्हिस केलेली’. काचा स्वच्छ, बुरशी नाही, फोकस रिंग हलकी. निकॉनच्या एफएम२ या फिल्म कॅमेऱ्यावर काढलेला पहिला रोल व्यवस्थित आला. मे महिन्यातला दुसरा रोल धुऊन आला तेव्हा एफ/११ आणि एफ/१६ च्या (लहान छिद्राच्या) फ्रेम निगेटिव्हवर काळ्याकुट्ट, म्हणजे जादा उजेड पडलेल्या होत्या, एफ/२.८ च्या (पूर्ण उघड्या छिद्राच्या) मात्र बरोबर.

अशा वेळी कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला दोष दिला जातो. पण छिद्र जितकं लहान तितकी चूक मोठी दिसली, तर आधी लेन्समधली छिद्र लहान-मोठं करणारी पाती तपासावीत. एसएलआरमध्ये (लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात) दृश्य पाहताना पाती पूर्ण उघडी असतात. बटण दाबल्यावर, शटर उघडायच्या आत त्यांनी मिटायचं असतं. पात्यांवर तेल असेल तर ती उशिरा मिटतात आणि फिल्मवर जादा उजेड पडतो.

तेल येतं फोकसच्या हेलिकॉइडमधल्या (फोकस करताना फिरणाऱ्या आट्यांमधल्या) जुन्या ग्रीसमधून. नागपुरात पारा ४५ च्या आसपास गेला की ते सुटतं आणि पात्यांवर पसरतं. या लेन्सची पाती फक्त लायटरच्या पेट्रोलने पुसली होती, ग्रीस जुनंच ठेवलं होतं. ही सर्व्हिस नव्हे, दोष लपवणं आहे. ऊन तापेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून लेन्स दिवसा उजेडी बघा. छिद्राची रिंग २२ वर ठेवा, माउंटमागची (कॅमेऱ्याला जोडायच्या बाजूची) छोटी दांडी ढकलून पाती उघडा आणि सोडा. पाती खटकन मिटली पाहिजेत. डोळ्याला त्यांची हालचाल टिपता आली तर लेन्स परत द्या. दहा-पंधरा वेळा करा. मग टॉर्च तिरका धरून पात्यांवर ओली चकाकी किंवा पुसल्याचे फराटे दिसतात का ते बघा. कॅमेरा सोबत असेल तर रोल काढून मागचं झाकण उघडा, एफ/१६ आणि एक सेकंद लावून मागून बघत बटण दाबा. शटर उघडताच भोक लहान दिसलं पाहिजे. मोठं दिसून मग आकसलं तर बहुधा तेल आहे.

स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील तर लेन्स उघडलेली आहे. या २४ एमएममध्ये जवळच्या फोकससाठी काचांचा एक गट वेगळा सरकतो. तो चुकीचा बसला तर कोपरे बिघडतात, म्हणून विटांच्या सपाट भिंतीसमोर समांतर उभं राहून एफ/२.८ वर चारही कोपरे तपासा. फुटाळा तलावाच्या काठावरून पलीकडचे दिवे अनंतावर (फोकस सगळ्यात दूर ठेवून) धारदार येतात का तेही बघा.

‘सर्व्हिस केली’ म्हणणाऱ्याला एकच विचारा: हेलिकॉइडचं ग्रीस बदललं का, आणि कुणाकडून? तसं पावतीवर लिहून घ्या, आणि उन्हाळ्यात घेत असाल तर चार दिवसांची परतीची मुदतही.