मोठ्या अक्षराचं मराठी पवित्र शास्त्र: आईसाठी घेतलं, दोन वर्षं वापरून झालं

आईसाठी मोठ्या अक्षराचं, चेनवालं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घेतलं त्याला या पोळ्याला दोन वर्षं होतील. चर्चच्या मंडळीतले बरेच जण घेऊ का म्हणून विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. घ्या. घरात कोणाचे डोळे अधू झाले असतील आणि फोनवर वाचणं जमत नसेल तर नक्की घ्या, फक्त कागद आणि चेनबद्दल खाली लिहिलंय तेवढं वाचून मग घ्या.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, कोरडवाहू वावर, कापूस आन् तूर. आई चौथी शिकलेली, वय साठीच्या पुढं. मावशीकडं प्रार्थनेला जायची तिथून तिचा येशूवर विश्वास सुरू झाला, बाबा अजून विश्वासात आलेले नाहीत, ते त्यांच्या जागी आणि आई तिच्या. आधीचं शास्त्र लहान साईजचं होतं, अक्षरं तिळाएवढी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही तिला वाचता येईना मग मी संध्याकाळी आलो की वाचून दाखवायचो आणि मी नसलो की राहून जायचं.

आता अक्षर. ठळक आहे, शाई काळीभोर, दोन ओळींत बरीच जागा सोडलीय. आई आता ओसरीवर बसून चष्मा न लावता दिवसाउजेडी वाचते, लाईट गेली की मात्र चष्मा लागतो. पानांच्या कडेला पुस्तकांची नावं छापलेले खाचे आहेत त्याचा तिला फार फायदा झाला, कारण शास्त्रातल्या ६६ पुस्तकांतलं नेमकं दानीएलाचं पुस्तक कुठं हे आधी मला विचारावं लागायचं, आता अंगठा लावते की उघडते. भाषा थोडी जुन्या वळणाची आहे, पत्रांमध्ये वाक्यं लांबच लांब, तिथं ती अडखळते, पण स्तोत्रं आणि शुभवर्तमानं धडाधडा वाचते.

मोठ्यानं वाचते हे महत्त्वाचं आहे. चौथी शिकलेल्या माझ्या आईला मनातल्या मनात वाचता येत नाही, ओठ हलले पाहिजेत, आवाज निघाला पाहिजे. आणि ओसरीवरचा आवाज गल्लीत जातो. त्यावरूनच सगळं वाढलं.

त्याच्या आधीपासून भावकीत कुरबूर होतीच. पोळ्याला आईनं बैल धुतले, खांदे शेकले, पुरणाची पोळी चारली, सगळं प्रेमानं केलं पण आरती धरली नाही, बाबांनी धरली. तेवढ्यावर मोठे काका म्हणाले, "घर बाटलं तुमचं." मग चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका आली नाही. मग वेचणीच्या टायमाला बाया येईनात, आज येतो उद्या येतो करत राहिल्या आणि झाडावर कापूस फुटून लोंबत होता, दव पडून पिवळा पडायला लागला. ज्यानं कापूस लावलाय त्याला कळेल ते पाहताना पोटात काय होतं. शेवटी आमच्या शेजारच्या काकू, त्या बौद्ध आहेत, त्यांनी त्यांच्या वस्तीतल्या सात बाया आणल्या. काकू आईला म्हणाल्या, "१४ ऑक्टोबर १९५६ ले आमचे सासरे पायी नागपूरले गेलते दीक्षा घ्याले, आल्यावर गावानं त्याईलेबी असंच केलतं. घटनेत धर्म पाळाच्या हक्काचं २५ वं कलम हाये बाई, कोणाले भ्याचं काम नाही." ते मी कधी विसरणार नाही.

शास्त्र आल्यावर दोन-चार जणांनी बाबांना गाठलं, वाचायचं तर घरात वाचा, दार लावून वाचा, काहून गल्लीले ऐकवून राहिले. बाबांनी तसं आईला सांगितलं, रागानं नाही, थकून सांगितलं. त्या रात्री आईनं दानीएलचा सहावा अध्याय काढला. तीस दिवस राजाशिवाय कोणाकडंच काही मागायचं नाही, मागितलं तर सिंहाच्या गुहेत, असा हुकूम निघाला, दानीएलाला तो कळला आणि तो घरी गेला, माडीवरच्या खिडक्या यरुशलेमेकडं उघड्या होत्या आणि त्यानं दिवसातून तीनदा प्रार्थना केली, आधी करायचा तशीच. आईनं बोट तिथंच ठेवलं. "आधी करायचा तशीच," दोनदा वाचलं. मग म्हणाली, "मी आता दार लावलं तर ते भेव झालं, आन् आता भोंगा लावला तर ते भांडण झालं. मी जशी बसत होती तशीच बशीन." दुसऱ्या दिवशी ती बसली. मला त्या वेळी वाटलं होतं की थोडं आत बसली असती तर काय बिघडलं असतं, आज तसं वाटत नाही.

एक गोष्ट मला तिच्या वाचण्यातूनच कळली. शास्त्रातलं पेत्राचं पहिलं पत्र आजच्या तुर्कस्तानातल्या भागांत पांगलेल्या, लोकांची बोलणी खाणाऱ्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेलं आहे. चौथ्या अध्यायात तो सांगतो, ख्रिस्ती म्हणून सोसावं लागलं तर लाज वाटू देऊ नका, पण खुनी, चोर म्हणून सोसायची वेळ येऊ देऊ नका, आणि त्याच यादीत दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारासुद्धा आहे. आईनं त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारलीय. ती कोणाच्या देवाला नावं ठेवत नाही, कोणाला ये म्हणत नाही, कोणी विचारलं तर शांतपणे सांगते. मागच्या पावसाळ्यात त्याच मोठ्या काकांच्या घरच्या काकीला डेंग्यू झाला, घरी करणारं कोणी नव्हतं, तर आई नऊ दिवस पातळ कण्या आणि मुगाचं वरण डब्यात घालून नेऊन देत होती. काका दारात उभे राहायचे, बोलायचे नाहीत, डबा घ्यायचे. अजूनही बोलत नाहीत. डबा मात्र घासून परत यायचा.

पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून अख्खं शास्त्र मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत आणलं, १९२२ ला त्या गेल्या तोवर त्याच कामात होत्या. त्यांचा हेतूच साध्या बायकांना वाचता यावं हा होता. आमच्याकडचं भाषांतर ते नाही, पण आई ओसरीवर वाचत असते तेव्हा मला रमाबाईच आठवतात. आणि बाबांकडं पाहिलं की लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्यांचे पती, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्या किती वर्षं वेगळ्या राहिल्या, किती रडल्या. एका घरात दोन विश्वास म्हणजे काय ते आम्ही रोज पाहतो, म्हणून मी बाबांवर कधी जोर करत नाही.

आता वाईट बाजू. कागद अतिशय पातळ आहे, मागचं छापलेलं पुढं दिसतं, आणि आई बोटाला थुंकी लावून पान उलटते त्यामुळं स्तोत्रसंहितेची तीन पानं कोपऱ्याला फाटलीत, मी पारदर्शक टेप लावलीय. चेन चौथ्या महिन्यातच दातातून निसटली, आठवडी बाजारात चांभारदादांनी बसवून दिली, ४० रुपये घेतले, तेव्हापासून ठीक आहे. खुणेची रिबिन एकच आहे, दोन तरी पाहिजे होत्या, आई दुसरी खूण म्हणून जिनिंगमधल्या वजनकाट्याची पावती घालते. वजन भरपूर आहे, मांडीवर घेऊन फार वेळ बसलं तर पाय भरून येतो, मी शास्त्र ठेवायला एक लाकडी स्टँड करून आणला सुताराकडून. कुरिअर गावापर्यंत येत नाही, तालुक्याला जाऊन आणावं लागलं, ते धरून चाला.

फोनवरचं फुकट अ‍ॅप काय वाईट नाही, मी स्वतः वावरात तेच वापरतो, ऑडिओ लावून फवारणी करतो. पण आईच्या हातात फोन दिला की ती हरवते, आणि आमच्याकडं नेटवर्क पाण्याच्या टाकीजवळच येतं.

कव्हरवर प्लास्टिक पहिल्याच दिवशी चढवा, कापसाचा बारीक तंतू चेनमध्ये जाऊन बसतो. मावशीसाठी दुसरी प्रत सांगितलीय, दिवाळीच्या आधी येईल. मागच्या आठवड्यात लाईट गेली तेव्हा बाबा टॉर्च घेऊन ओसरीवर आले, आईजवळ उभे राहून पानावर उजेड धरला आणि म्हणाले, "वाच, अर्धं कायले सोडतं."